अ‍ॅपमधले गुण वाढले, नावं मात्र आठवत नाहीत

ताई, नमस्कार.

माझं वय ६६. बँकेत ३४ वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त काउंटरवर. कॉम्प्युटर यायच्या आधी आमच्या शाखेतल्या दोन-अडीचशे खात्यांचे नंबर मला तोंडपाठ होते. गेल्या दीड वर्षापासून मात्र ओळखीच्या माणसांची नावं जिभेवर येऊन अडकतात. मागच्या महिन्यात मंडईजवळ स्कूटर लावली आणि पाऊण तास शोधत फिरले. दूध दोनदा उतू गेलं. माझी आई ७९ व्या वर्षापासून विसरायला लागली आणि शेवटची तीन वर्षं तिने मला ओळखलं नाही. त्यामुळे छातीत धस्स होतं.

मुलाने फोनवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप घालून दिलं. वर्षभर रोज सकाळी पाऊण तास न चुकता करते. पूर्वी त्या वेळेला तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचे, ते आता होत नाही. अ‍ॅप माझं ‘मेंदूचं वय’ ४८ दाखवतं, पण नावं काही आठवत नाहीत. भजनी मंडळात जाणंही सोडलं. नाव चुकलं की ओशाळल्यासारखं होतं, शिवाय तिथल्या गलक्यात कोण काय बोलतंय ते नीट कळत नाही. सून म्हणते, टीव्ही फार मोठ्याने लावता. रात्री झोप येत नाही म्हणून अ‍ॅलर्जीची एक जुनी गोळी घेते, तिने छान गुंगी येते. बाकी तब्येत उत्तम. शुद्ध शाकाहारी आहे, रक्त वगैरे तपासायची कधी वेळ आली नाही.

आता सोसायटीच्या हॉलमध्ये एका क्लासचं प्रात्यक्षिक झालं. माझा वर्षाचा ‘मेमरी कोर्स’ आणि आठ वर्षांच्या नातवाचं अ‍ॅबॅकस, दोन्ही मिळून ४२ हजार. १५ तारखेच्या आत भरले तर सवलत. पैसे भरू का? ह्या व्यायामांनी खरंच स्मरणशक्ती वाढते का?

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सहकारनगर, पुणे


काकू, पैसे भरू नका. १५ तारीख येईल आणि जाईल, तुमचं काहीही नुकसान होणार नाही.

मी मानसतज्ज्ञ आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न घेऊन आलेली माणसं मला सतत भेटतात. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर तसं सोपं आहे. पण पत्रात तुम्ही जाता जाता चार गोष्टी लिहून गेलात, आणि माझं लक्ष त्यांच्यावरच अडून राहिलं. आधी तुमच्या प्रश्नाचं बोलू, मग त्या चार गोष्टींकडे येते.

सुरुवात तुमच्या अडीचशे खात्यांपासून करू. गिऱ्हाईक दारातून आत येताना दिसलं की लेजरचं पान तुमच्या डोळ्यांपुढे यायचं, असंच ना? पण त्या दिवसांतसुद्धा घरी जाताना कोथिंबीर आणायची राहून जात असेल. खातेनंबर पाठ आहेत म्हणून वाण्याची यादी आपोआप पाठ झाली, असं काही होत नव्हतं.

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात नेमक्या ह्याच गोष्टीचा एक फार सुंदर प्रयोग झाला आणि १९८० साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात छापून आला. चारचौघांसारखी स्मरणशक्ती असलेला एक विद्यार्थी. त्याला आकडे वाचून दाखवायचे, त्याने ते क्रमाने परत म्हणायचे. रोज साधारण तासभर, आठवड्यातले तीन ते पाच दिवस. सुरुवातीला त्याला सात आकडे जमायचे, तुम्हा-आम्हाला जमतात तेवढेच. दीड वर्षाहून जास्त काळ हे चाललं आणि शेवटी तो एकदा ऐकलेले ७९ आकडे धडाधड म्हणू लागला. पोरगा धावपटू होता. ३, ४, ९, २ असे आकडे आले की ‘३ मिनिटं ४९.२ सेकंद, मैलाची शर्यत’ अशी गाठ तो मनात मारायचा. मग संशोधकांनी एक दिवस आकड्यांऐवजी अक्षरं वाचली. गडी सहा अक्षरांवर थांबला. एवढ्या महिन्यांची मेहनत आकड्यांच्या वावरातच राहिली, बांध ओलांडून शेजारी गेली नाही.

मेंदूच्या व्यायामाचा सगळा वाद ह्या बांधापाशी आहे. अ‍ॅपमधला खेळ खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, ह्याबद्दल कुणाचंच दुमत नाही. प्रश्न एवढाच की ती तयारी खेळाबाहेर येते का, म्हणजे लग्नात समोर उभ्या राहिलेल्या बाईंचं नाव आठवायला कामी पडते का.

२०१० साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात ह्यावरचा एक मोठा अभ्यास आला. बीबीसीच्या मदतीने १८ ते ६० वयाच्या ११,४३० लोकांना सहा आठवडे कॉम्प्युटरवर असे व्यायाम करायला दिले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत सगळेच सुधारले. पण सराव न केलेल्या चाचण्यांत, अगदी जवळच्या वाटाव्यात अशा चाचण्यांतसुद्धा, त्याचा फायदा दिसला नाही. पुढे २०१६ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने, कंपन्या ज्या अभ्यासांचे दाखले देतात ते सगळे एकत्र काढून तपासले. त्यांचा निष्कर्षही तोच: सराव केलेल्या कामात भरपूर सुधारणा, त्याच्यासारख्या कामात थोडीफार, आणि रोजच्या जगण्यात फरक पडतो ह्याला फारच तोकडा पुरावा. त्याच वर्षी जानेवारीत ‘लुमोसिटी’ ह्या नावाजलेल्या अ‍ॅपच्या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. जाहिरातीत दावे मोठे होते. कामात, अभ्यासात कामगिरी सुधारेल, वयानुसार येणारा विसराळूपणा लांबणीवर पडेल, असं सांगितलं जात होतं. कमिशनचं म्हणणं असं की हे सिद्ध करणारं शास्त्र कंपनीच्या हाती नव्हतं.

दुसरी बाजूही तुम्हाला सांगायलाच हवी, कारण क्लासवाले तिचा दाखला देतील. अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाचा एक अभ्यास झाला. ६५ च्या पुढचे २,८३२ धडधाकट लोक, त्यांचे चार गट. एका गटाला पाठांतराच्या युक्त्या शिकवल्या, दुसऱ्याला तर्काचे व्यायाम, तिसऱ्याला नजरेच्या चपळाईचे, आणि चौथ्याला काहीच नाही. चपळाईच्या व्यायामात पडद्यावर मधोमध एक चित्र चमकून जातं आणि त्याच क्षणी कडेला दुसरं, आणि दोन्ही टिपायची असतात. सगळं मिळून तास-सव्वातासाच्या दहा बैठका, काहींना नंतर थोडी उजळणी. दहा वर्षांनी पाहिलं तर तर्काच्या आणि चपळाईच्या गटांत आपापल्या कामातला फायदा बऱ्यापैकी टिकून होता. पाठांतराच्या गटातला मात्र ओसरला होता. २०१७ मध्ये ह्याच माहितीवरून असंही मांडलं गेलं की चपळाईच्या गटात पुढे डिमेन्शियाचं, म्हणजे विसरणं वाढत जाऊन रोजची कामंही अवघड करणाऱ्या आजाराचं, प्रमाण कमी होतं. हा धागा महत्त्वाचा आहे, मी तो झटकून टाकणार नाही. पण त्या विश्लेषणात डिमेन्शिया कुणाला झाला हे मुलाखती आणि चाचण्यांच्या गुणांवरून ठरवलं होतं, डॉक्टरांनी प्रत्येकाला तपासून नव्हे. आणि तुमच्यासाठी ह्यातली खरी मेख अशी की सगळ्यात आधी विरला तो पाठांतराच्या व्यायामाचा फायदा. तुम्हाला विकायला आणलाय तो ‘मेमरी कोर्स’च.

‘मेंदू म्हणजे स्नायू, व्यायाम दिला की बळकट होतो’ हे वाक्य प्रात्यक्षिकात नक्की ऐकवलं असेल. दंड कमावला तर त्याच दंडाने बादलीही उचलता येते आणि गादीही. आठवणीचं तसं चालत नाही हे त्या धावपटू पोराने दाखवून दिलंय. आणि ते ‘मेंदूचं वय ४८’ मनावर घेऊ नका. ते तुमच्या खेळातल्या गुणांवरून काढलेलं असतं. वर्षभर तोच खेळ खेळलात, गुण वाढले, म्हणून वय उतरलं. आम्ही क्लिनिकमध्ये चाचणी घेतो तेव्हा एकाच माणसाला तीच शब्दांची यादी लगेच परत देत नाही, ती एवढ्याचसाठी. सरावाने गुण फुगतात आणि मग त्या गुणांवरून काहीच ठरवता येत नाही.

नातवाचं थोडक्यात सांगते. अ‍ॅबॅकसवर आपल्या शेजारीच, वडोदऱ्यातल्या एका शाळेत, तीन वर्षांचा नीट आखलेला प्रयोग झालाय आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने मुलांचे दोन गट पाडले, एकाला मनातल्या मनात मणी सरकवून गणित करायला शिकवलं, दुसऱ्याला तेवढाच वेळ जादा गणित. अ‍ॅबॅकसची मुलं आकडेमोडीत पुढे गेली. स्मरणशक्ती, एकाग्रता ह्यांत मात्र फरक पडल्याचं दिसलं नाही. तेव्हा नातवाला मणी आवडत असतील तर जरूर घाला, आकडेमोड चांगली होईल. ‘बुद्धी वाढेल’ म्हणून घालू नका. आणि हिशेब शिकवायला त्याच्या घरात ३४ वर्षं बँकेत काढलेली आजी आहेच. तुमच्या आईने तुमच्याकडून पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले असतील ना? ‘चार दिडके सहा’ हे आठ वर्षांच्या मुलाला गाण्यासारखं वाटतं.

आता त्या चार गोष्टी. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

पहिली, तळजाई. सकाळचा पाऊण तास अ‍ॅपने घेतला आणि टेकडी सुटली. हा मला ४२ हजारांपेक्षा मोठा तोटा वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचा, दुसरा हात-पाय ताणायचे हलके व्यायाम करायचा. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नव्या आठवणी बसवण्याचं काम त्याच्याकडे असतं आणि वयाबरोबर तो हळूहळू आक्रसतो. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता आणि दुसऱ्या गटाचा तेवढ्यात १.४ टक्क्यांनी घटला होता. आठवणीच्या चाचणीत मात्र दोन्ही गट थोडे थोडे सुधारले, त्यांच्यात ठळक फरक नव्हता, म्हणून चालल्याने नावं पटापट आठवतील असं वचन मी देत नाही. पण चालण्याने रक्तदाब, साखर, झोप, मन ह्या चारही गोष्टींना हात लागतो आणि ह्या चारही गोष्टींचा विसरण्याशी संबंध आहे. अ‍ॅपने त्यातल्या कशालाच हात लागत नाही. उद्यापासून पुन्हा टेकडीवर जा. अ‍ॅप आवडत असेल तर दुपारी दहा मिनिटं खेळा, करमणूक म्हणून.

दुसरी, टीव्हीचा आवाज आणि भजनातला गलका. काकू, तुम्हाला ऐकू कमी येतंय अशी मला दाट शंका आहे. वयाप्रमाणे कान जातात ते बहुतेकदा वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ असे आवाज निसटतात आणि ‘आवाज येतो पण शब्द कळत नाहीत’ असं होतं. चार जण एकदम बोलायला लागले की जास्तच. आता नावांचं काय होतं बघा. मंडळात कुणीतरी म्हणतं, ‘ह्या नव्या आल्यात, शैलाताई.’ तुमच्या कानापर्यंत येतं ‘…लाताई’. ते अर्धवट नाव डोक्यात नीट शिरतच नाही, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला वाटतं की मी विसरले. शिवाय समोरच्याचं बोलणं लावून घेण्यातच एवढी शक्ती जाते की ते साठवायला उरत नाही.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत ऐकू कमी येणं ही सगळ्यात वरच्यांपैकी एक आहे. त्या आधीच्या वर्षी श्रवणयंत्रांवरचा एक अभ्यास आला, ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर यंत्राने फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण यंत्र वापरणाऱ्या गटात ४८ टक्के कमी वेगाने झाली. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं, दुखतखुपत काही नाही. कदाचित कानात नुसता मळही निघेल. चष्मा लावताना आपण लाजत नाही आणि कानाचं यंत्र म्हटलं की घरातली माणसंसुद्धा कुजबुजतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. कितीतरी बायका ह्या लाजेपायी गप्पांमधून उठून आत जाऊन बसतात.

तिसरी, ती गोळी. पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. गुंगी आणणाऱ्या जुन्या पिढीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. हे रसायन आठवणींसाठी लागतं. इतकं, की अल्झायमरच्या रुग्णांना डोनेपेझिल नावाचं जे औषध देतात ते ह्याच रसायनाचं प्रमाण टिकवायचा प्रयत्न करतं. म्हणजे तिकडे औषध देऊन जे वाढवायचं, ते तुम्ही रोज रात्री एका गोळीने दाबताय. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ६५ च्या पुढच्या लोकांनी टाळावीत अशा औषधांची यादी केली आहे, बिअर्स निकष म्हणतात तिला, आणि ह्या गोळ्या त्या यादीत आहेत. गोळीचं पाकीट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की ही मी झोपेसाठी घेते. झोप का येत नाही ह्याचा शोधही तिथेच सुरू होईल. घोरता का, रात्री घुसमटून जाग येते का, हे घरच्यांना विचारून जा.

चौथी, ‘शुद्ध शाकाहारी आणि रक्त कधी तपासलं नाही’. हा तर खास पुण्याचा विषय. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुणे शहरातले आणि आसपासच्या गावांतले मध्यमवयीन ४४१ पुरुष तपासले होते. २००६ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६७ टक्के लोकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के लोकांमध्ये. हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसतंच. दुधा-दह्यातून थोडं मिळतं, पण वय वाढलं की पोटात ते शोषलं जाणं कमी होतं. त्याच्या कमतरतेने विसरायला होतं, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, मन उदास राहतं. वेळेवर भरून काढली तर ह्यातलं बरंचसं सुधारतं, फार उशीर झाला तर नसांना झालेली इजा राहूनही जाते. ‘तब्येत उत्तम’ हे तपासल्यावर म्हणू. बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एवढं ह्याच आठवड्यात बघून घ्या. ४२ हजारांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

आता आईबद्दल, कारण सगळ्या पत्राच्या तळाशी तीच आहे.

माझी आजी नव्वदीत ‘सव्वाकी’ एका दमात म्हणायची, आणि ताटावरून उठून हात धुऊन आली की विचारायची, ‘आज जेवायचं नाही का?’ मी तेव्हा कॉलेजात होते. ती मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारायची आणि मी ‘ओ’ द्यायचे. त्या घरातली भीती कशी असते हे मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला उगाच धीर देत नाही. आईला डिमेन्शिया होता म्हणजे तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त, हे खरं. पण उतारवयात सुरू होणारा हा आजार आईकडून मुलीकडे दागिन्यासारखा सरळ येत नाही. पिढीजात चालणारा प्रकार फार दुर्मीळ असतो आणि तो बहुधा साठीच्या आतच दिसायला लागतो. तुमच्या आईला ७९ व्या वर्षी सुरुवात झाली. भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे असं देशभर घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीवरून काढलेला अंदाज सांगतो. म्हणजे विसरणाऱ्या बहुसंख्य ज्येष्ठांना हा आजार नसतो.

मंडईच्या गर्दीत स्कूटर न सापडणं मला तितकंसं खटकत नाही. लावताना तुमचं लक्ष भाजीच्या यादीत असणार, जागा नोंदलीच गेली नाही, मग आठवणार कुठून? ज्या गोष्टी मला खटकल्या असत्या त्या वेगळ्या आहेत. तीस वर्षं येता-जाता पायाखालची वाट असलेल्या गल्लीत शिरून ‘मी कुठे आले’ असं होणं. तोच प्रश्न तासाभरात तीन-चारदा विचारणं आणि विचारल्याचं ध्यानात नसणं. हातखंडा पुरणपोळीत पुरण आधी की कणीक आधी हे सुचेनासं होणं. पासबुकातली नोंद समजेनाशी होणं. तुमच्या बाबतीत तर ही मी पहिली खूण धरीन. आणखी एक. डिमेन्शियाच्या सुरुवातीला पुष्कळदा माणसापेक्षा घरच्यांना जास्त काळजी वाटत असते. तुम्ही एवढं तपशीलवार, तारीखवार पत्र लिहिलंत. तरीही मुलाला आणि सुनेला एकेकटं विचारा की माझ्यात काही बदल जाणवतो का. त्यांनी ‘हो’ म्हटलं, किंवा वर सांगितलेल्यातलं काही घडलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा मेमरी क्लिनिकमध्ये जाऊन नीट चाचणी करून घ्या. तशी एकदा करून ठेवली तर पुढे कधी तुलना करायलाही उपयोगी पडते.

आणि नावांचं. आठवायची गोष्ट सुधारायची तर तीच गोष्ट आठवून बघावी लागते. अमेरिकेत २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग आहे: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्याभराने जास्त लक्षात राहिलं. आपल्याकडे गुरुजी पाटी पालथी ठेवून म्हणायला लावायचे, तेच. नवी व्यक्ती भेटली की नाव लगेच मोठ्याने म्हणा, ‘बरं का शैलाताई’. ऐकू आलं नसेल तर तिथल्या तिथे पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. पाच मिनिटांनी मनात आठवून बघा. घरी आल्यावर वहीत न बघता आज भेटलेल्यांची नावं लिहा, दोन दिवसांनी परत. नाव अडलं तर लगेच फोन उघडून बघू नका, मिनिटभर थांबा, पहिलं अक्षर चाचपा. स्कूटर लावली की समोरच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचा, नाहीतर फोटो काढा. दुधाला टायमर लावा. ह्याला कुणी हरणं म्हणत नाही. बँकेतही तुम्ही दिवसाचा हिशेब डोक्यात ठेवत नव्हता, डे-बुकात लिहीत होता.

राहिलं काहीतरी नवं शिकण्याचं. टेक्सासमध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ लोकांना तीन महिने, आठवड्याला पंधरा-सोळा तास वेगवेगळी कामं दिली. काहींना फोटोग्राफी, काहींना आपल्या गोधडीसारखी रजई शिवणं, काहींना दोन्ही, आणि बाकीच्यांना नुसत्या गप्पा-सहली किंवा घरी बसून शब्दकोडी, गाणी ऐकणं असं सोपं काही. नवं आणि अवघड शिकणाऱ्यांची आठवण सुधारली, सोप्यावाल्यांची तितकी नाही. मला ह्या अभ्यासात आवडतं ते हे की ती माणसं डोकं चालवण्यासाठी डोकं चालवत नव्हती, त्यांना रजई पुरी करायची होती.

तुमचं भजनी मंडळ तर ह्या सगळ्याचं एकत्र ठिकाण आहे. नवा अभंग पाठ करायचा, चाल बसवायची, टाळ चुकू द्यायचा नाही, आणि वीस बायकांची नावं. पुढच्या वेळी जाल तेव्हा पेटीच्या जवळ, पुढच्या रांगेत बसा, म्हणजे गलका पाठीमागे राहील. आणि मंडळातल्या ज्या बाईशी तुमचं सगळ्यात जास्त पटतं तिला आधीच सांगून ठेवा की मला हल्ली नावं अडतात, कानात हळूच सांगत जा. तिचंही काहीतरी अडत असेल, ती ते सांगेल.

ऑडिओमेट्रीचा आणि बी-१२ चा आकडा हातात आला की मला कळवा. डॉक्टरांनी त्या गोळीचं काय केलं तेही लिहा.